ताईने सोपवलेलं झाड

२ फेब्रुवारी
देवाच्या कृपेने नव्या घरात पाऊल पडलं. घर ताईचं, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. भाडं नको म्हणाली. आपल्याच माणसाकडून काय घ्यायचं! अट एकच. न्हाणीघराचं पाणी परसातल्या फुलझाडाला जातं, ते तसंच जाऊ द्यायचं. मला तर बरंच वाटलं. पाणी वाया गेलेलं मला बघवत नाही. झाड कमरेएवढं, पानं जाड, फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची. नाव विचारलं तर ताई म्हणाली, फुलाला नाव कशाला हवं गं, देवाला वाहा म्हणजे झालं.

बिचारी ताई! गेली काही वर्षं चार माणसांत असून कुणाच्या लक्षातच यायची नाही. लग्नाच्या फोटोत घ्यायलासुद्धा लोक विसरायचे. आम्ही थट्टेने तिला सावली म्हणायचो. आता दुसऱ्या घरी तरी सुखात राहो.

९ फेब्रुवारी
ज्याला रोज देवापुढे ठेवायचं, त्याचं कुळ तरी ठाऊक हवं. नर्सरीवाल्या काकांना पान धाडलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. तगर नाही, अनंत नाही, मोगऱ्याचा लांबचा पाहुणाही नाही म्हणाले. आमची लेक चिमणी वसतिगृहात राहून वनस्पतिशास्त्र शिकते. तिच्या बाईंनाही फोटोवरून ओळखता येईना. हे म्हणाले, झाड आहे की मुलीला सांगून आलेलं स्थळ, किती चौकशा!

१७ फेब्रुवारी
देवाचं फूल हुंगायचं नाही, ही आईची शिकवण. ह्यांना कसला विधिनिषेध! आज नाकाशी धरलं आणि म्हणाले, ह्याला तुझ्या पदराचा वास येतो. म्हातारपणी सुचतंय गोड बोलणं, असं म्हणून मी हसले. मग उगाच कपाटातल्या साड्या हुंगून पाहिल्या. नुसता कापडाचा वास. कुणी कधी न नेसल्यासारखा.

२५ फेब्रुवारी
मी दारात उभी असून दूधवाला घंटा वाजवत राहिला. शेजारचं कुत्रं पाखरू उडालं तरी भुंकतं. माझ्या पायाला घासून गेलं, मान वर केली नाही. भाजीवाली माझा आवाज ऐकून दचकली. अगं बाई, तुम्ही कधी आलात, म्हणाली.

१ मार्च
चिमणीने सांगितलं म्हणून ह्यांनी फोनवर झाडं ओळखायचं काहीतरी घेतलं. फोटो काढताना माणसाच्या चेहऱ्याभोवती चौकोन येतो ना, तो फुलाभोवती आला. हे हसले. फोन माझ्याकडे वळवला.
चौकोन आला नाही.

४ मार्च
नर्सरीत जाऊन आले. काकांना आठवलं, हेच पान तुमच्या ताईंनीही आणलं होतं. माझ्या अंघोळीच्या पाण्यावर वाढलंय, छाटलं तर माझंच अंग ठणकतं, म्हणत होत्या. काकांनी थट्टेने सांगितलं, एवढा जाच असेल तर त्याला दुसऱ्याच्या अंघोळीचं पाणी लावा. तर ताईने विचारलं म्हणे, सख्ख्या बहिणीचं चालेल का?
काका अजून हसत होते.
ताईने मला कडेवर घेऊन वाढवलं. आपल्या घासातला घास भरवला. आणि मी महिनाभर तिला दुवा देत देवापुढे स्वतःलाच वाहत—

५ मार्च
न्हाणीघराच्या मोरीत बोळा कोंबला. ताईचा फोन आला. पाणी तोडलंस का? शेजारणी मला पुन्हा ओळखेनात गं. रडली. मी म्हटलं, ताई, मी तुझी कोण? तिचं रडणं थांबलं. मग अगदी थंड आवाजात म्हणाली, राहू दे. रक्ताचं माणूस हवं, भाची आहे माझी.

६ मार्च
दूधवाल्याने काकू म्हणून हाक मारली! हाक इतकी गोड असते!
चिमणीला फोन केला. येऊ नकोस. ती हसली. मावशीने तिकीट काढूनसुद्धा दिलंय म्हणाली.

८ मार्च
हे जेवताना सांगत होते, मोरी तुंबली होती, परवाच बोळा काढला.
परवा. आणि मी काल, आज त्याच मोरीत अंघोळ—
ह्यांना हाक मारली. हे पेपर वाचत राहिले.

९ मार्च
चिमणी आली. माझ्या समोर उभी राहून विचारते, बाबा, आई कुठे गेली?
हे म्हणाले, असेल इथेच कुठेतरी.
मी हात धरला. तिने डास बसल्यासारखा झटकला—
मावशीने बजावलंय म्हणे, प्रवासाची धूळ आधी धुवायची, मग देवाला फूल—

न्हाणीघराची कडी लावली तिने. मी दार बडवतेय. आतून म्हणते, बाबा, वारा किती सुटलाय.
बाहेरून पाइप बुजवायला गेले. मुळं आत शिरलीत. नवी कळी आलीय, अजून मिटलेली—

तांब्या वाजला.

हे पान फाडून दाराखालून सरकवते. बाळे, मी तुझी आई. दाराशीच आहे. पाणी अंगावर घेऊ नकोस, ते झाड—
उंबरा ओला आहे, शाई पसर