पलंग, लोखंडी, एक नग

४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. विनंती खरोखरच आहे, म्हणून नमस्कार लवकर आटोपते. फोनवरचं लेखी राहत नाही असं तुझं म्हणणं, म्हणून पत्र.

तुझ्या मित्राला बसवरून उतरवून चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले, समोरचं चांगलं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि अशा माणसाच्या हाती बावन्न प्रवासी देता येत नाहीत. बरोबरच आहे ते. ह्यांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले, ते अजून पडलेलेच आहेत. जेवायला उठतात, अंघोळीला उठतात, की परत पलंग. रविवारी मी त्यांचे दिवसभरातले शब्द मोजले. नऊ भरले. त्यातले चार ‘नको’ होते.

माझ्या लग्नाआधी तुम्ही दोघांनी मिळून ती घरी जोडायची गाडी घ्यायला काढली होती, दोन माणसांची. एकेक भाग घेणार होतात, पण सांगाड्यापलीकडे गेला नाहीत. तो सांगाडा अठरा वर्षं तुझ्या शेडमध्ये उभा आहे आणि तू त्यावर टॉवेल वाळत घालतोस. तो मला पाठव. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गाडीची खोली आहे, ती रिकामीच असते. ह्यांना जिना उतरायला काहीतरी कारण हवं. मी ते कारण होऊ शकले नाही याचं मला फार वाईट वाटतं, पण छापखान्यातून येऊन रडत बसायला वेळ मिळत नाही.

अंतर चौदाशे किलोमीटर आहे. इथल्या ट्रकवाल्याने भाडं सांगितलं, ते ऐकून मी त्याला पाणी विचारायचंही विसरले. स्वस्तातली वाट तूच काढ. त्या बाबतीत तुझा हात धरणारा कोणी नाही.

लोभ आहेच, तो सांगाड्यासकट पाठवावा.
तुझी,
छोटी


१३ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अ. उ. आ. पत्र पोचलं.

आधी हे सांगतो की टॉवेल मी फक्त मागच्या आडव्या नळीवर घालतो.

चार ट्रकवाले पाहिले. सगळ्यांना पूर्ण गाडीचं भाडं हवं. मग घरसामान हलवणारे एक सापडले. त्यांची गाडी तुमच्याच गावी जाणार आहे, निम्मी रिकामी, आणि सुटा नग अगदी किरकोळ दरात नेतात. अडचण एकच. वाहनाचा कोणताही भाग ते घेत नाहीत, फर्निचर घेतात.

सांगाडा नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. मी त्याला चार लाकडी पाय लावले, वर फळ्या टाकल्या, जुन्या कपाटाचं दार डोक्याकडे उभं केलं आणि गादी घातली. पण छोटी, मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नगाचं नाव मी कधी खोटं लिहिलं नाही. म्हणून आधी सलग तीन दुपारी त्यावर झोपलो. ज्यावर माणूस झोपतो तो पलंग. मगच अर्जावर लिहिलं: पलंग, लोखंडी, एक नग.

अर्ज चांगला होता, सोळा रकाने. एकही कोरा सोडला नाही. उद्या गाडी निघते.

त्या आळशाला सांग, मी विचारलं म्हणून. नको, सांगू नकोस.

तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. तुझं पत्र आत्ताच वाचलं. अर्धं वाचून हसले, आणि उरलेलं अर्धं वाचून लगेच लिहायला बसले. रकान्यांत काय काय भरलंस? सांगाडा खालच्या गाडीच्या खोलीत उतरवायचा आहे हे लिहिलंस ना? किल्ली मी शेजारच्या न्हाव्याकडे ठेवली आहे. उलट टपाली कळव. माझा जीव टांगणीला लागला आहे.

छोटी


२१ फेब्रुवारी

चि. छोटीस,

आ. तुझं पत्र यायच्या आत गाडी गेली होती.

‘नग कोठे मांडावा’ असा रकाना होता. पलंगाच्या पुढे ‘गाडीची खोली’ कशी लिहिणार? त्यांना लगेच संशय आला असता. म्हणून ‘निजायची खोली’ लिहिलं. पुढे ‘डोके कोणत्या बाजूस’ असंही होतं. तिथे ‘खिडकीकडे’ लिहिलं, उजेडाचा विचार करून. शेवटचा रकाना होता, ‘जुना पलंग परत न्यावा काय’. ते फुकट होतं, म्हणून ‘होय’.

आता हे लिहिताना जरा चुकल्यासारखं वाटतंय. माणसं आली की तू दारातच अडव.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. मी कामावर असताना ती माणसं आली.

ह्यांनी दार उघडलं. त्या तिघांनी ह्यांना क्षणभर बाजूला व्हायला सांगितलं आणि आमचा पलंग उचलून नेला. तुझा नग जिन्याच्या वळणात अडकला, तेव्हा त्यांनी खिडकीची चौकट काढली आणि तो दोरांनी तिसऱ्या मजल्यावर चढवला. अर्धी गल्ली बघायला जमली होती म्हणे. मग चौकट परत बसवली, तिला रंगाचा हात मारला, खोली झाडून काढली, डोकं खिडकीकडे केलं, ह्यांची सही घेतली आणि गेले. इतकी चोख माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. भांडायला कणभर जागा ठेवली नाही त्यांनी.

मी आले तेव्हा हे त्याच्यावर झोपलेले होते. भिंतीकडे तोंड करून.

मला माणूस उठवायचा होता दादा, आणि तू त्याला तीन फूट जास्त लांबीचा पलंग दिलास. सांगाडा वर अडकला, खालची खोली रिकामी आणि नवरा होता तिथेच. मला आता भीती वाटायला लागली आहे. हे असेच राहतील, आणि या खोलीत दिवा लावता लावता मी म्हातारी होईन. तुझ्यावर रागावले आहे. पण हे दुसऱ्या कुणाला लिहू, तेही कळत नाही.

छोटी


३ मार्च

चि. छोटीस,

आशीर्वाद देतो, घ्यायचे की नाही ते तू ठरव.

तो रकाना कोरा सोडायला हवा होता. असं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

आणखी एक सांगतो. गाडी होणार नाही हे मला दहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. पण सांगाडा भंगारात घातला असता, तर त्या आळशाला इथे परत येण्याचं कारणच संपलं असतं, म्हणून जपला. तू मागितलास तेव्हा द्यायला जड गेलं. कंजूषपणा केला नसता, तर तो नीट खाली उतरला असता. माझंच चुकलं.

तो आता किती शब्द बोलतो, ते कळव.

दादा


१२ मार्च

मेहुणेमहाराजांस,

स. न. वि. वि. तुझ्या बहिणीच्या सांगण्यावरून लिहीत नाही. ती कामावर गेली आहे.

सांगाड्याचा डावीकडचा मधला जोड कोणी मारला होता? तूच. मी कूस बदलली की तो कुरकुरायचा. पहिल्या दिवशी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी उशी कानावर घेतली. गाडीतून आवाज येत असताना मी स्वस्थ बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी गादी उचलली, फळ्या काढल्या आणि खाली शिरलो. ती घरी आली तेव्हा तिला पलंगाखालून माझे फक्त पाय दिसले. किंचाळली. मी तिला चौदा नंबरचा पाना मागितला. तिने आणून दिला आणि जमिनीवर बसून इतकी रडली की मला बाहेर यावं लागलं.

तो जोड मी कापून टाकला आहे. बाकीचे सहासुद्धा तुझ्याच हातचे दिसतात. आपण तेव्हा कुठल्या भरवशावर गाडी करायला निघालो होतो?

आता हे धूड खाली न्यायचं आहे. त्या माणसांना बोलवायचं तर पुन्हा अर्ज आला, आणि मी तुझ्या हाती अर्ज देणार नाही. म्हणून तू स्वतःच ये. दोन माणसं आणि दोर पुरे. झोपायची सोय जमिनीवर. आमचा पलंग तू देऊन टाकला आहेस.

आणखी एक. मला पुन्हा गाडी चालवता येणार नाही. आज हे पहिल्यांदाच लिहिलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, मी नव्हतं. परवा तुझ्या बहिणीला विचारलं, तू शिकशील का. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाली, सोमवारपासून. गाडी शिकवायच्या शाळेत तिचं नाव घालायला मी स्वतः गेलो, तिन्ही जिने उतरून. परत चढताना धाप लागली, दोनदा बसावं लागलं.

शेजारी बसायची मला सवय नाही. शिकेन.

लोभ असावा, आणि जोडकामाला हात लावू नये.
तुझा,
आळशी