बाकावरची दोन लेकरं

किन्हीराजा,
१२ जानेवारी २०२५

चि. धम्मरत्न यास ताईचा जय भीम.

आम्ही सारे बरे आहोत. हरभऱ्याला घाटे धरलेत. मोठीमायचा गुडघा थंडीनं धरतो, तरी ऐकते कुठं! फोनवर तू दोन वाक्यांत मला वाटेला लावतोस, म्हणून कागद घेतला.

तू काढलेला पिक्चर गुरुवारी विहारासमोर पडदा लावून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

माय मेलेली दोन भावंडं बापाला शोधत मालेगावच्या बसस्टँडवर येतात. त्यांना कोणी पाणीही विचारत नाही. शेवटी दोघं बाकावर काकडत बसतात आणि पडदा काळा होतो. बाक आपण बसलो होतो तोच, पोराच्या अंगातलं माझं स्वेटरही तेच. मग त्या बाकापर्यंत पायी आलेली आपल्या मायची मोठी बहीण, आपली मोठीमाय गंगूबाई, कुठं गेली? फडक्यात भाकर बांधून आली, तुला कडेवर घेतलं, "बाप सापडन तवा सापडन, आधी जेवा" म्हणाली, ती? पेपरात तू सांगतोस, आम्हाला कोणीच नव्हतं. लाज कशी वाटली नाही रे?

मोठीमाय पौर्णिमेचं पांढरं लुगडं नेसून पुढंच बसली होती. "पोरानं माझा पिक्चर काढला" म्हणत गल्लीतल्या बायांना तिनंच बोलावून आणलं होतं. पडद्यावर कोणी बाई आली की मला कोपर मारायची, "ही मी काय वं?" पोरांना हाकलणारी चहावाली आली, तेव्हाही तिनं विचारलं. मी नाही म्हणत गेले. दिवे लागले, बाया उठल्या. ही बसूनच.

"संपला? मी तं अजून आलीच नाही."

पिक्चर लांब झाला म्हणून तिचा भाग कापला, असं मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली. घरी चुलीपुढं बसल्यावर हळूच म्हणाली, "दीपा, मी आली होती ना वं?"

वाशीमला तुझा सत्कार आहे म्हणे. हार घालून घ्यायच्या आधी इथं ये आणि तिला उत्तर दे. मी देणार नाही. नाहीच आलास, तर त्या बाकावरच्या पोराला खरंच कोणी नव्हतं, असं मीही समजेन.

गंगूबाईची लेक,
आणि ती आली म्हणूनच तुझी ताई,
धम्मदीपा