पोमालू बाई

बाई, अबुधाबीत मला तुमच्या भाषेतला माणूस भेटला. तुमच्या गावचा नव्हे, पण तिथून गाडीने दोनेक तासांवरचा, असं तो म्हणाला. इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. उंच, वाळल्या गवताच्या रंगाचे केस, आणि हातात एवढी ताकद की त्याने मान धरली की ती आपली राहत नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, त्याची काळजी नको. पण काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागला, आणि शुद्धीवर आल्यावर मी नर्सकडे पाणी मागितलं तेव्हा जो आवाज बाहेर आला तो माझा नव्हता. फरशीवरून लोखंडी कपाट ओढावं तसा काहीतरी होता. डॉक्टर म्हणाले, येईल परत, इन्शाल्ला. तोवर आखडलेली मान आणि खांदे सोडवायला त्यांनी मला या माणसाकडे धाडलं. एकदा तो माझी मान डावीकडे वळवत होता, कळ डोक्यात गेली, आणि मी स्वतःशीच पुटपुटले, "पोमालू, पोमालू." त्याचे हात थांबले. त्याने इंग्रजीत विचारलं, "आत्ता काय म्हणालात?" मी म्हटलं, "हळू म्हणाले." तो म्हणाला, "ते मला कळलं. ही माझी भाषा आहे. तुम्हाला कशी येते?" मी म्हटलं, "येत नाही. माझ्या बाईंची आहे."

मग तुमच्याबद्दल सांगायला लागले, तर त्याच्या पुढच्या पेशंटला बाहेर थांबावं लागलं. तुम्ही सांगलीत आलात तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तुमचे यजमान, आमचे साहेब, ट्रेनिंगसाठी तुमच्या देशात गेले आणि येताना तिथल्या नाटक कंपनीतली नटी लग्न करून घेऊन आले, हे गाव पुढची वीस वर्षं चवीने सांगत होतं. कोणी म्हणे ती तिकडे सिनेमाची मोठी स्टार होती, कोणी म्हणे कसली स्टार, पडदे ओढत असेल. तुम्ही दोन्हींवर काही बोलला नाहीत. मी तुमच्याकडे नाटक शिकायला येऊ लागले तेव्हा तुमचे केस पांढरे व्हायला लागलेले, अंगावर सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि मराठी अशी की प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर दणका. 'ळ' तुम्हाला शेवटपर्यंत जमला नाही. 'हळू' म्हणायची वेळ आली की तुम्ही सरळ 'पोमालू' म्हणायचात, आणि आम्ही मुली पाठीमागे तुम्हाला पोमालू बाई म्हणायचो. ते तुम्हाला माहीत होतं.

शनिवारची दुपार आहे. तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही चार मुली पाटांवर बसलोय, आणि तुम्ही मोदकपात्रात मैद्याचा जाडजूड लांबट गोळा उकडला आहे. तो ताटात काढता आणि सुरी न घेता शिवणाचा दोरा घेता. दोरा गोळ्याखालून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून ओलांडायची आणि ओढायची. गोल चकती अलगद सुटते. "सुरी दाबते," तुम्ही म्हणता, "दोरा नाही दाबत. तो वाक्य पण असाच कापायचा." ते वाक्य, बाई, असं आम्ही दोघी-तिघी एकदम म्हणतो, आणि तुम्ही म्हणता, "तो, ती, ते, तुम्ही ठरवा. कापायचा दोऱ्यानेच." त्या चकत्या तुम्ही आम्हाला आमटीत बुडवून देता. चवीला काही फार नव्हत्या. पण त्या खाताना तुम्ही जे सांगायचात त्यासाठी मी एकही शनिवार चुकवला नाही.

तुमच्या तरुणपणच्या नटांच्या गोष्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी तुमच्या देशातली सगळी नाटकघरं बंद केली आणि नटनट्यांना कारखान्यांत कामाला पाठवलं, ती गोष्ट मी कितीदा तरी सांगायला लावली. तुम्ही तेव्हा नाटकात नुकत्याच शिरलेल्या, कोवळ्या. तुमच्या शेजारच्या यंत्रावर बसली होती एक मोठी नटी. सगळा देश तिला ओळखत होता, तिचे फोटो सिगारेटच्या दुकानात लावलेले असायचे, आणि आता ती डोक्याला फडकं बांधून लोखंडाला भोकं पाडत होती. यंत्रांचा आवाज एवढा की बायका एकमेकींच्या कानात ओरडायच्या. ती मात्र कधीच ओरडायची नाही. खालच्या, जड आवाजात, सावकाश बोलायची, आणि तिचं बोलणं चार यंत्रांपलीकडे ऐकू जायचं. एकदा तुम्ही तिला विचारलंत, हे कसं करता? ती म्हणाली, आवाजाच्या वर चढायला जाऊ नकोस, तिथे सगळ्यांची गर्दी आहे. त्याच्या खाली जागा रिकामी असते. युद्ध संपलं, नाटकघरं उघडली, आणि तुमच्या कंपनीतला तो जाड्या विनोदी नट, जो कारखान्यात दोन बोटं गमावून आला होता, पहिल्या प्रयोगाला स्टेजवर आला तेव्हा लोक इतका वेळ टाळ्या वाजवत राहिले की त्याला आपलं पहिलं वाक्य आठवेना. हे सांगताना तुम्ही हसायचात. पुढे त्यातल्या काहींची कामं नव्या सरकारने काढून घेतली, काही खेड्यापाड्यांतल्या कंपन्यांत गेले, एकीला तर स्टेजवर बंदी आली, मग ती पडद्याआड बसून इतरांना वाक्यं पुरवायची. ते सांगताना तुम्ही दोरा बोटाला गुंडाळत राहायचात. पण रडलेलं तुम्हाला मी पाहिलं नाही.

आणि तुम्ही स्वतः? सांगलीत तुम्हाला काम मिळायचं ते इंग्रज मडमेचं. ऐतिहासिक नाटक असलं की कोणीतरी यायचं, बाई, एवढा छोटा रोल आहे, तुमच्याशिवाय कोण करणार. एकदा तुम्ही केलात, मग दारातूनच परत पाठवायला लागलात. "मी इंग्रज नाही," तुम्ही म्हणायचात. "आईचं काम असेल तर या." ते हसत परत जायचे. मग ती नाट्यस्पर्धा आली. मी नववीत होते, मुलीचं काम करत होते, आणि आईचं काम करणाऱ्या बाईंना सकाळी ताप भरला. आमचे दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. तुम्ही सगळ्या तालमींना हजर असायचात, वाक्य न् वाक्य पाठ होतं तुम्हाला. "मी उभी राहते," तुम्ही म्हणालात. दुसरा इलाज नव्हता. पडदा उघडला, तुम्ही चुलीपुढे बसल्या होतात, आणि तुम्ही पहिलं वाक्य बोललात तशी तिसऱ्या रांगेतून खसखस पिकली. मग सगळा हॉल हसला. तुम्ही हातातली फुंकणी खाली ठेवलीत, उठून उभ्या राहिलात, आणि लोकांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिलात. हसू विरलं. तरी तुम्ही बोलेनात. माझ्याने ते सोसवेना, मी माझं वाक्य आधीच बोलून टाकलं. तुम्ही तेही पूर्ण होऊ दिलंत, आणि मग तेच पहिलं वाक्य पुन्हा म्हणालात, त्याच उच्चारात, पहिल्या अक्षरावर तोच दणका देऊन, पण इतकं खालून की लोक पुढे वाकले. त्यानंतर कोणी हसलं नाही. शेवटच्या अंकात पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. परीक्षकांनी शेरा दिला, आईची भूमिका परिणामकारक, उच्चार सदोष. "खरं आहे की," तुम्ही म्हणालात आणि मेकअप पुसायला लागलात. माझ्याकडे वळून मात्र तुमचा आवाज बदलला. "मध्ये का बोललीस? ती शांतता मी कमावली होती. दुसऱ्याची शांतता कधी खर्च करायची नाही." माझ्या आईने मला आयुष्यात एवढं कडक काही सुनावलं नाही.

हे सगळं मी त्या फिजिओला सांगितलं, अर्थात इंग्रजीत, आणि कपाट ओढल्याच्या आवाजात. तो म्हणाला, त्यांचं नाव काय होतं, लग्नाआधीचं? ते मला पाठ आहे, कारण त्यात तुमचं ते अक्षर आहे, 'र' आणि 'झ' एकाच दमात म्हणायचं, जे तुम्ही आम्हाला सूड म्हणून शिकवायचात, 'ळ'च्या बदल्यात. मी ते जसं जमलं तसं म्हटलं. तो इतका हसला की खुर्चीत बसला. पुन्हा म्हणा, म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "माझ्या आईला जुन्या सिनेमांचं वेड आहे. तिला विचारतो."

तोवर इकडे दुसरंच नाटक चाललं होतं. इथल्या मराठी लोकांनी दरवर्षीसारखं नाटक बसवायला घेतलं होतं, आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं. सुट्टी संपवून गल्फला परत निघालेला मुलगा आणि 'जाऊ नको' हे शब्द तोंडातून निघू न देणारी त्याची आई. आई मी. ऑपरेशनच्या आधीच ठरलं होतं. तालमीला गेले आणि पहिलं पान वाचलं तर सगळे फोनमध्ये बघायला लागले. आमचा दिग्दर्शक बँकेत आहे, मुंबईचा, चांगला मुलगा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे बघा, रागावू नका. तुम्ही माझ्याबरोबर डायरेक्शन बघा ना. मेन रोल आपण अजमानच्या त्या वहिनींना देऊ, शी इज रेडी. हॉलचा एसी किती आवाज करतो माहितीये ना तुम्हाला? माइक लावला तरी मागे काही पोचायचं नाही." मी विचारलं, "मागे कोण बसणार आहे?" तो म्हणाला, "मुसफ्फाच्या कामगार कॅम्पमधली मुलं. दोन बस भरून येतायत." मी म्हटलं, "मग रोल मीच करणार." तो म्हणाला, "पण ताई, आवाज?" मी म्हटलं, "आवाज हाच आहे. वाक्यं कमी करू नकोस, फक्त मला घाई करायला लावू नकोस." तो म्हणाला, "खलास, ठरलं. तुमच्या जबाबदारीवर." घरी मुलगी म्हणाली, "ममा, व्हॉट इफ दे लाफ?" मी म्हटलं, हसू देत. हसून झालं की थांबतात.

बाई, तो एसी खरंच भयंकर होता. भिंतीत मोठी मोटर फिरावी तसा. पडदा उघडला, मी मुलाच्या बॅगेत लाडवांचा डबा बसवत होते, आणि पहिलं वाक्य बोलले ते पुढच्या दोन रांगांनाही पोचलं नसावं, कारण कोणीतरी ओरडलं, "आवाऽऽज!" मी वर चढले नाही. डबा पुन्हा काढला, पुन्हा बसवला. थांबले. एसीच्या त्या घरघरीला एक सूर असतो, तो नीट ऐकला, आणि त्याच्या खालून तेच वाक्य पुन्हा बोलले, तुमच्या दोऱ्याने कापल्यासारखं, एकेक शब्द सुटा. माझा हा घासलेला आवाज तिथे खाली मस्त बसला. जुना गोड आवाज असता तर हवेत विरून गेला असता. मुलाचं काम करणाऱ्याने माझी एकही शांतता खर्च केली नाही, मी त्याला आधीच दम दिला होता. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज शेवटी सगळ्या हॉलला ऐकू गेला. त्यानंतर काही क्षण टाळ्याच आल्या नाहीत, आणि मी ओळखलं की जमलं. बाहेर बसची वाट बघत उभा असलेला एक मुलगा पुढे आला, कुडाळकडचा असणार, हातावर सिमेंटने फुटलेली कातडी. म्हणाला, "मावशे, मी अगदी मागे उभो होतंय, सगळा ऐकाक इला." आणि मान खाली घालून निघून गेला. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, सॉरी." मी म्हटलं, सॉरी कशाला, पुढच्या वर्षीचं नाटक बोल.

आणि मग मागच्या शुक्रवारी तो फिजिओ आमच्या घरी आला, आईने पाठवलेला सिनेमा लॅपटॉपमध्ये घेऊन. मुलीने तो टीव्हीला जोडून दिला. जुना काळा-पांढरा, बराच कंटाळवाणा. कारखान्यात आदर्श काम करणाऱ्या एका तरुणाची गोष्ट. आम्ही चहा पीत बघत होतो, आणि मध्येच एक रेल्वे स्टेशन आलं, स्टेशनवरचं खाण्याचं दुकान, आणि काउंटरमागे तुम्ही. गोल चेहरा, डोक्याला फडकं, पंचविशीतल्या. मला ओळखायला एक सेकंद लागला नाही, कारण तुम्ही मोठ्या पळीने सूप वाढत होतात आणि पळी तशीच धरली होती, आमटी वाढताना धरायचात तशी. तरुण कुठेतरी दूर कामाला चाललाय. त्याने काहीतरी विचारलं, तुम्ही काहीतरी म्हणालात. मी फिजिओकडे पाहिलं. "त्या म्हणतात, पाव घेऊन जा, रस्ता लांबचा आहे," तो म्हणाला. तो पैसे ठेवून जातो. तुम्ही तो गेला त्या दाराकडे बघता. मग फडकं घेऊन काउंटर पुसता. संपलं. मुलगी म्हणाली, "दॅट्स इट?" आणि तिनेच रिमोट घेऊन मागे नेलं, पुन्हा लावलं. मग पुन्हा. मग चौथ्यांदा. सिनेमाच्या शेवटी नावं आली, त्यात तुमचं होतं, खालून दुसरं. सांगलीतले दोन्ही प्रकारचे लोक चूक होते, बाई. स्टारही नव्हतात आणि पडदेही ओढत नव्हतात. तुम्ही काम करणारी नटी होतात.

तुम्ही जाऊन वर्षं झाली, तरी हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, कारण पाठवायचं म्हणून लिहिलंच नाही. पाठवायचं असतं तर पुढचं लिहायची माझी छाती झाली नसती. काल दुपारी घरात कोणी नव्हतं. मी ओट्यापाशी उभी राहिले, पळी घेतली, पाव घेऊन जा, रस्ता लांबचा आहे, असं मराठीत म्हटलं, आणि दाराकडे पाहिलं. मग फडकं उचललं, पण पुसलं नाही. नुसतं हातात धरून उभी राहिले, पुरेसा वेळ. काउंटर पुसायला नको होता, बाई. पुसलात आणि ती शांतता स्वतःच खर्च केलीत. तो प्रसंग मी तुमच्यापेक्षा बरा केला.