घरातला हार्ट पेशंट

३ फेब्रुवारी
हॉस्पिटलमधून घरी. छातीत दोन स्टेंट. मनगटातून बारीक वायर घातली ती थेट हृदयापर्यंत. मी पूर्ण जागा होतो, स्क्रीनवर सगळं बघत होतो. अख्खी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढली, चोंदलेली पाइपलाइन मोकळी करणं आपल्याला नवीन नाही. डॉक्टरांना काम चालू असतानाच तसं सांगितलं. ते म्हणाले, हलू नका.

संकल्प: इथून पुढे सक्रिय जीवन. पहाटे उठणे. चालणे. तेल-तूप बंद. चिडणे बंद.

बिल्डिंगची लिफ्ट बंद. चिडलो नाही. तीन मजले चढताना प्रत्येक वळणावर थांबलो. दोन्ही बॅगा हिने आणल्या. मला वजन उचलायची सक्त मनाई आहे.

५ फेब्रुवारी
पहाटे उठलो नाही. डॉक्टर म्हणाले होते, शरीराचं ऐका. शरीर म्हणालं, झोप.

जेवण अळणी. हीसुद्धा माझ्याबरोबर अळणीच जेवते. तिची तब्येत आपोआप सुधारेल. माझ्या आजाराचा असाही फायदा.

९ फेब्रुवारी
हॉस्पिटलच्या व्यायामवर्गाचा पहिला दिवस. छातीला तारा चिकटवतात आणि पट्ट्यावर चालायला लावतात. शिकवणाऱ्या फिजिओ मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या.

इथे उच्चनीच फार. बायपासवाले वरचे, स्टेंटवाले खालचे. एक गृहस्थ तर शर्टाची वरची बटणं उघडी टाकून फिरतात, टाके दिसावेत म्हणून. मला विचारलं, तुमचं काय? म्हटलं, दोन स्टेंट. म्हणाले, "म्हणजे किरकोळ प्लंबिंग." नाकाला मिरच्या झोंबल्या. प्लंबिंग किरकोळ असतं हे मला सांगतात. मॅडम तेव्हा सगळ्यांना काहीतरी सूचना देत होत्या. बरोबर आलेली ही ऐकत होती, म्हणून मी या बायपासवाल्यांना पूर्ण वेळ देऊ शकलो.

संकल्प: या माणसाला महिन्याभरात चालण्यात मागे टाकणे.

१२ फेब्रुवारी
पहिला मॉर्निंग वॉक. हिला बरोबर घेतलं. चूक झाली. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत पोहोचेस्तोवर ही मागे. वळून बघतो तर कंपाउंडला हात टेकून उभी. म्हणाली, दम लागलाय, झोप नीट होत नाही. म्हटलं, अगं, स्टेंट मला बसवलेत. हिच्यासाठी मलाही बाकावर बसावं लागलं. समोर बेकरी. बसलोच आहोत तर एक पाव मस्का.

माझी शिस्त मोडते ती अशी, दुसऱ्यांमुळे.

१६ फेब्रुवारी
आज मजा आली. खालच्यांच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. त्यांनी प्लंबर बोलावला. तो ओल दिसली तिथेच भिंत फोडत बसला. मी जिन्यावरूनच ओरडलो, थांब. पाणी दिसतं तिथे गळत नसतं. ते स्लॅबच्या पोटातून, सळईच्या कडेने वाट काढत जातं आणि भलतीकडेच बाहेर पडतं. तोटी बंद कर, एकेक लाइन तपास, मूळ शोध. सगळे थक्क.

मूळ आमच्याच स्वयंपाकघरात निघालं. सिंकखालचा सांधा. ही म्हणाली, मी तीन महिने सांगतेय, तिथे थेंब पडतात. मुद्दा तो नाही. मुद्दा पद्धतीचा आहे.

प्लंबर म्हणाला, काका, तुमच्याकडून शिकायला पाहिजे. दिवसभर मन प्रसन्न. वॉक राहिला.

२१ फेब्रुवारी
हिचा जबडा दुखतो. डावा. पिशव्या घेऊन वर आली की जास्त. तातडीने दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, अशा बाबतीत मी चालढकल करत नाही. त्याने फोटो काढला आणि म्हणाला, दात उत्तम आहेत. म्हणजे हिरड्या असणार. हल्ली चांगले डेंटिस्ट राहिले नाहीत.

मुलीचा फोन. माझी चौकशी सविस्तर झाली. शेवटी विचारलं, आई कशी आहे? सांगितलं, ठणठणीत, फक्त थोडी कुरकुरते. घरात एका माणसाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं की दुसऱ्याला काहीतरी दुखायला लागतं, हे मी ओळखून आहे. मी मनावर घेत नाही.

२७ फेब्रुवारी
व्यायामाला गेलो नाही. हवा कोंदट. परवाही गेलो नव्हतो, तेव्हा हवा गार होती.

पण मॅडमचा फोन आला. अकरा तारखेला हॉस्पिटलच्या हॉलमध्ये हृदयरुग्णांचा कार्यक्रम आहे. एका पेशंटचं भाषण ठेवलंय: 'हृदयविकारानंतरचं सक्रिय जीवन'. कराल का? बायपासवाल्यांना न विचारता मला विचारलं. (त्यांनाही विचारलं होतं. त्यांचा घसा बसलाय.)

४ मार्च
भाषणाच्या तयारीमुळे व्यायामाला अजिबात फुरसत नाही.

दुपारी शेजारीण हिला धरून वर घेऊन आली. ही म्हणे दुसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन पायरीवरच बसली होती. चेहरा पांढराफटक. शेजारीण माझ्याकडे बघत म्हणाली, घरात कोणी खाली जायला नाही का? तिला शांतपणे समजावलं की मला वजन उचलायची मनाई आहे. ती पिशवी ठेवून गेली. लोकांना हृदयविकाराची माहितीच नाही. भाषणात हा मुद्दा घ्यायचा.

संध्याकाळी ही म्हणाली, पाठीवर कोणीतरी उभं राहिल्यासारखं वाटतं. मग जरा थांबून, "अहो, तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घेऊ का?"

मी हसून म्हटलं, "अगं, घरात एक हार्ट पेशंट पुरे की." तीही हसली. तिला माझ्या औषधांतली गॅसची एक गोळी दिली. ढेकर आला. निदान अचूक. तरी मी आडमुठा नाही. म्हटलं, अकरा तारीख होऊ दे, मग जाऊ. बरं म्हणाली.

८ मार्च
आरशासमोर भाषण म्हटलं. 'शरीराचं ऐका' इथे आवाज खाली आणायचा. गळतीचं उदाहरण घातलंय, हशा येणार. शेवटी सहचारिणीवर एक वाक्य. ते हिला आधी ऐकवलं नाही. तिथेच ऐकू दे. डोळ्यांत पाणी येईल.

१० मार्च
संकल्पांचा आढावा. चालणे: सुरुवात झाली आहे. तेल-तूप: घरात बंद आहे. चिडणे: लिफ्टवाल्यांचा अपवाद वगळता बंद.

बाकी सगळं बारा तारखेपासून काटेकोर.

११ मार्च, सकाळ
ऐन वेळेला हिचं सुरू. मळमळतंय, घाम फुटलाय, मी घरी थांबू का? घाम सगळ्यांनाच येतो. म्हटलं, तू नसलीस तर शेवटचं वाक्य कोणाकडे बघून म्हणू? तेव्हा उठली. माझ्या शर्टाला इस्त्री केली. मध्ये दोनदा बसली. मग तयार झाली.

११ मार्च, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. ही तिसऱ्या ओळीत कडेला. मी उत्तम बोललो. गळतीच्या उदाहरणाला हशा आला. मी म्हणालो, ओल दिसते तिथे भिंत फोडू नका. शरीराचंही तसंच आहे, मूळ एकीकडे असतं आणि दुखतं भलतीकडेच. पहिल्या ओळीतले डॉक्टर माना डोलवत होते. तेवढ्यात ही उठली. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत दाराकडे गेली. मला राग आला. तिच्यावरचं वाक्य अजून व्हायचं होतं. पाठोपाठ बायपासवाले उठून बाहेर. म्हटलं, जळतोय. मग मॅडम गेल्या. मग एक डॉक्टर.

मी ते वाक्य रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं. टाळ्या पडल्या. वेळ संपली होती तरी कोणी घंटा वाजवली नाही, म्हणून उत्तेजन समजून आणखी थोडं बोललो.

खाली उतरलो तर डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. बसा म्हणाले. आधी माझी नाडी धरली. मग सांगितलं. ही दाराबाहेर कोसळली. बायपासवाल्यांनी धरली म्हणून डोकं आपटलं नाही. हार्ट अटॅक, मोठा. मी भाषण करत होतो तेव्हा दोन मजले वर तिची नळी उघडत होते.

डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून होता? म्हटलं, आज सकाळपासून.

मग मी मॅडमवर ओरडलो. माझ्या बायकोला स्ट्रेचरवरून नेलं आणि मला बोलू देत राहिलात, हा काय प्रकार? मॅडम खाली बघत म्हणाल्या, "त्यांनीच अडवलं आम्हाला. म्हणाल्या, त्यांना आत्ता सांगू नका, त्यांचं हार्ट वीक आहे."

१३ मार्च
आयसीयूत एकेकालाच सोडतात. आत गेलो. तिने पहिलं विचारलं, गोळ्या घेतल्या का? घेतल्या म्हटलं. घेतल्या नव्हत्या. कोणती सकाळची, कोणती रात्रीची, मला माहीत नाही. तळहातावर ठेवायची तीच.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कामातून गेला, तो परत येणार नाही. बायकांचं असंच होतं. छाती दुखतच नाही, जबडा दुखतो, पाठ दुखते, दम लागतो. घरच्यांच्या लक्षात येत नाही. आठ-पंधरा दिवस आधी आणलं असतं तर इतकं झालं नसतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्या भाषणातला गळतीचा मुद्दा अगदी बरोबर होता.

बायपासवाल्यांनी चहा आणून दिला. शर्टाची बटणं लावलेली होती. प्लंबिंगबद्दल एक शब्द काढला नाही. काढायला हवा होता.

१९ मार्च
हिला घरी आणलं. लिफ्ट बंदच. तिला जिने चढायचे नाहीत. तो ओलीवाला प्लंबर आणि त्याचा जोडीदार आले, खुर्चीत बसवून वर नेलं. बॅगा खाली राहिल्या. दोघांचे हात अडकलेले. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं.

उचलल्या. तीन मजले. एका वळणावर थांबलो, तेही सवयीने. वर आलो. छातीत काही झालं नाही. काहीच झालं नाही. दारात मॅडमचा फोन आला, ही कशी आहे विचारायला. मी घाबरत सांगितलं, बॅगा उचलल्या. त्या म्हणाल्या, उचला की. मनाई पहिल्या आठवड्यापुरती होती. क्लासच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं सगळ्यांना.

तेव्हा मी बायपासवाल्यांशी बोलत होतो. ही ऐकत होती.

आत गेलो. ती माझ्या उशीला टेकून बसली होती. विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं," म्हणाली. मग दम खाऊन, "पण तुम्ही फार घाबरला होतात."

संकल्प काही नाही. दूध आणायला खाली जायचं आहे.