पन्नीतला घाम

९ जाने.
देवास गेटच्या हॉटेलवाल्याने आज परत पाकिटं उघडून दाखवली. मशरूम काळपट, देठाशी चिकट, पन्नीला आतून थेंब. "मैडम, इनको पसीना आ रहा है।" आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. असाच माल पुन्हा आला तर दुसऱ्याकडून घेणार म्हणाला. सुधीर गेल्यापासून घर या मशरूमच्या शेडवर चालतंय. हे गिऱ्हाईक सुटलं तर... नको, लिहवत नाही.

१० जाने.
पन्नी फार घट्ट बंद करत होते, तेच नडलं असणार. आज सुईने बारीक छिद्रं पाडली, खाली कागद घातला, माल न धुता भरला. सासूबाई बघत बसल्या होत्या. त्यांच्या लेखी ही कुत्र्याची छत्री, स्वयंपाकघरात मज्जाव. म्हणून सगळा माल सुधीरच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. छिद्रं कशाला, असं विचारलं त्यांनी. म्हटलं, आई, तोडल्यावरही हे श्वास घेतात, कोंडले की खराब होतात.

१२ जाने.
छिद्रं असूनही थेंब. फ्रिजमधला थर्मामीटर सकाळी तीन अंशांवर, म्हणजे ठीक. डोकं चालत नाही. त्या खोलीत अजून सुधीरच्या तेलाचा वास येतो. आज फ्रिजची मोटर थांबली तेव्हा वाटलं, कोणीतरी उसासा सोडला. भुताखेतांवर विश्वास नाही माझा. तरी पटकन बाहेर आले.

१४ जाने. संक्रांत
दुपारी शेडवरून लवकर परतले. सुधीरच्या खोलीत कोणीतरी हळू बोलत होतं. आत पाहिलं तर फ्रिजचं दार सताड उघडं, समोर स्टुलावर आई, पदराने आत वारा घालतायत. काटा चौदावर. रोज दुपारी हेच चालत असणार. बाहेरची हवा आत, मग पुन्हा गारठा, पाकिटांना घाम फुटणारच. रागावले मी. त्या म्हणाल्या, "तूच सांगितलंस ना, श्वास घेतात म्हणून. माझ्या पोराला दवाखान्यात काचेआड ठेवलं होतं. दार खोला, दार खोला म्हणत राहिले, कोणी खोललं नाही."
मऊ आवाजात समजावलं. दार बंद असलं, गार असलं की श्वास हळू होतो, म्हणून जास्त टिकतात.
"डॉक्टरही हेच म्हणाला होता. हळू घेतोय."
तिळगूळ तसाच राहिला.

१५ जाने.
फ्रिजला साखळी आणि ताला.

१८ जाने.
माल पांढराशुभ्र, कोरडा. हॉटेलवाला खूश, लग्नांसाठी रोजचा माल मागतोय. आनंद व्हायला हवा. आई बंद फ्रिजला हात लावून बसून असतात. ताट तसंच परत येतं.

२० जाने.
चावी त्यांनी मागितलीच नाही. आज जेवायला हाक मारायला गेले तर आईंचा कान फ्रिजच्या दाराला लावलेला. मोटर चालू होती.
"वृंदा, अजून घेतोय ना?"
घेतायत नाही, घेतोय.
हो म्हटलं मी. मग उठल्या, पोटभर जेवल्या, वरण पुन्हा मागून घेतलं. उद्या परत विचारतील. आणि मी परत हो म्हणेन.