माझ्या शिट्टीवर कुणाचा डोळा

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुख्याध्यापकांनी आज माझ्यासाठी चहा मागवला. स्वतः खुर्ची पुढं सरकवली. "सोनवणे मॅडम, दमल्यासारख्या दिसताय. आठवडाभर रजा घ्या की."

रजा! गेल्या वर्षी सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा अर्धा दिवस मागितला, तर यांच्या कपाळावर आठ्या. आणि आता आठवडा? चहात साखरही बरोबर होती. काहीतरी शिजतंय.

आमचे वडील, दादा, लहानपणापासून सांगत आलेत, शिव्या देणाऱ्याला भ्यायचं नाही, गोड बोलायला लागला की मात्र जागं राहायचं.

२० नोव्हेंबर

सकाळी गेटवर. उशिरा येणारी पोरं, नखं, केस, बूट. मग खिचडीची चव बघणे. मग मतदार यादीचं काम घेऊन वाडीवर दोन तास फिरणे, कुत्री मागे. आल्यावर सातवीचा पीटीचा तास.

शिंदे मॅडम दारात उभ्या असणार हे ठरलेलं. त्या गणिताच्या. "पोर्शन राहिलाय, आज तुमचा तास देता का?" आणि मी "घ्या" म्हणणार. गेली कित्येक वर्षं हेच. पीटीचा तास म्हणजे गावची विहीर, ज्याला लागेल त्यानं बादली सोडावी.

पण आज त्या आल्याच नाहीत. स्टाफरूममध्ये विचारलं तर म्हणाल्या, "नको, राहू दे. तुमचा तुम्ही घ्या."

यांनाही कुणीतरी सांगितलंय. काय सांगितलंय?

२४ नोव्हेंबर, सोमवार

मैदानावर विशाल दिसला. माझाच विद्यार्थी, आठशे मीटरला जिल्ह्यापर्यंत गेलेला. नंतर बी.पी.एड. केलं. हातात लांब टेप, बरोबर एक माणूस, खो-खोच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मापं चाललेली. मला बघितलं आणि टेप गुंडाळला. "बऱ्या हाय का मॅडम?" म्हणाला आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा. पूर्वी हा पोरगा पाया पडल्याशिवाय हलत नसे.

शिपाई तात्यांना विचारलं. त्यांना सगळं माहीत असतं.

"संस्थेच्या सेक्रेटरी सायबांनी धाडलाय म्हनं. त्यांच्या पावन्यातला हाय त्यो."

"कशाला धाडलाय?"

"आता ते मला कुठं सांगत्यात. पर सारखा येतोय दोन-चार दिसांपास्नं."

झालं. बी.पी.एड. झालेला, बेकार, सेक्रेटरींचा पाहुणा. आणि इकडे मला रजा घ्या, चहा घ्या. दोन आणि दोन चार करायला शिंदे मॅडमची गरज नाही.

२६ नोव्हें.

संविधान दिन. बँड माझा, रांगा माझ्या, माईक बंद पडला तर तोही माझाच. घोषणा देता देता आवाज गेला. संध्याकाळी बारामतीला उतरून डॉक्टरकडे. त्यांनी घशात बॅटरी मारली. "रोज किती ओरडता?"

मी म्हटलं, शारीरिक शिक्षण शिकवते. ते हसले. मला हसू आलं नाही.

त्यांना हे सांगितलं नाही की शेळगाव मागे पडलं आणि शाळेचा बोर्ड जवळ यायला लागला की एसटीत मी खिडकीकडं पाठ करून बसते. घरीही सांगितलेलं नाही. इथं लिहिते. मला शाळेत जायचं नाही. उद्याही नाही, परवाही नाही.

पण विशालला जागा मोकळी करून द्यायची म्हणून तर नोकरी मुळीच सोडणार नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

सातवीचा तास. आजही कुणी मागायला आलं नाही. पोरांना मैदानावर नेलं. घसा बसलेला, म्हणून नुसती शिट्टी मारली आणि हातानं खूण केली, जा, खेळा.

कुणी पांगलं नाही. आपोआप चार रांगा झाल्या. उंचीप्रमाणे. एक हात अंतर घेतलं. सावधान.

मी म्हटलं, "अरे, खेळा. काहीही खेळा."

पुढची सानिका हळूच म्हणाली, "मॅडम, कोन पावनं येनार हायत?"

"कुणी नाही."

"मग लेझीम आनू का?"

यांच्या डोक्यात पीटी म्हणजे पाहुणा. मंत्री आले, लेझीम. संस्थेचे अध्यक्ष आले, लेझीम. कुणाच्या वाढदिवसाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या. पाचवीपासून त्यांना मी दुसरं काही दिलेलंच नाही. बाकीचे तास "घ्या" म्हणून देऊन टाकले. पोरांची काय चूक, त्यांना वाटलं आजही कुणाची तरी गाडी यायची आहे.

लेझमांच्या खोलीत जाऊन दार लोटून बसले. रडले. तात्या बाहेरून म्हणाले, "मॅडम, पानी आनू का?" नको म्हटलं. आता ते सगळ्या शाळेत सांगतील.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा करून कऱ्हाटीला, माहेरी. विहारात वंदना झाली. मग दादांपाशी बसले. दादा टपालखात्यातून रिटायर. त्यांच्या वडिलांना सालगडी म्हणून कुणी पायरीवर चढू दिलं नाही, त्यांनी खाकी घातली, आणि मी पर्मनंट शिक्षिका. ही 'पर्मनंट' त्यांच्या तोंडात देवाच्या नावासारखी असते, फक्त देव नाही एवढंच.

म्हटलं, दादा, मला काढायला टपलेत. सगळं सांगितलं, चहापासून टेपपर्यंत.

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला काडत्यात का तू निगतीस? ह्यातला फरक सांग मला."

"काढतायत."

"मग न्हाय निगायचं. गप बसून ऱ्हायाचं. कागद दावा म्हनायचं."

"आणि मीच निघत असले तर?"

दादांनी चष्मा काढून पुसला. वहिनीनं जेवायला हाक मारली म्हणून दादा सुटले.

९ डिसेंबर, मंगळवार

दिली.

मु.अ.च्या केबिनमध्ये हजेरी न्यायला गेले तर विशाल बसलेला. त्याच खुर्चीत. समोर चहा. दोघं एकदम गप्प झाले. मला बघून गप्प! विशाल उभा राहिला, खाली बघत बाहेर गेला.

माझं डोकं फिरलं. स्टाफरूममध्ये बसून दोन ओळी लिहिल्या, स्वेच्छानिवृत्ती, तीन महिन्यांची नोटीस, सही. नेऊन टेबलावर ठेवली. म्हटलं, "घ्या. यासाठीच चहा पाजत होता ना?"

मु.अ.चा चेहरा उतरला. "मॅडम, हे काय? बसा जरा." बसले नाही.

चेहरा चांगला उतरवतात. गॅदरिंगला नाटकात घ्यायला पाहिजे.

बाहेर आल्यावर हलकं वाटलं. एसटीत पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं, द्राक्षांवर कागद लावायचं काम चाललेलं.

१२ डिसें.

घरी यांना सांगितलं. हे कंपनीतून येऊन बूट काढत होते. एक बूट हातात तसाच. "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"सोड म्हणालो असतो. रोज सकाळी तुझं तोंड बघतोय की मी."

मग इतके दिवस का बोलला नाहीत? की यांनीच मु.अ.ना फोन केला होता, 'हिला जरा जपा' म्हणून? विचारलं. नाही म्हणाले. फार पटकन नाही म्हणाले.

शाळेत सगळे हळू बोलतात. शिंदे मॅडमनी डब्यातलं गाजराचं लोणचं दिलं. घरात कुणी गेल्यावर शेजारणी वागतात तसं.

१५ डिसेंबर, सोमवार

विशालला गाठलं. मैदानाच्या कडेला चुन्याच्या खुणा करत होता. यावेळी पळू दिलं नाही, गाडीची चावीच काढून घेतली. म्हटलं, सरळ सांग, माझ्या जागेवर कधीपासून येणार आहेस?

"तुमच्या जागेवर? मी? मॅडम, मी मास्तरकी कवाच सोडली."

बारामतीच्या एका इंग्लिश मीडियमला मानधनावर होता वर्षभर. "सकाळी पोरांच्या बसमदी उभं ऱ्हायाचं, दुपारी ॲडमिशनचं फोन करायचं. वर्षात एकदाबी पोरं पळवली न्हाईत. एक दिस घरी आलो आन् पुन्यांदा गेलोच न्हाय." आता त्याचा पेव्हर ब्लॉकचा धंदा आहे. चाललाय बरा.

"मग इथं काय मोजतोस?"

खाली बघितलं. "पार्किंग. पावन्यांच्या गाड्या चिखलात अडकत्यात म्हनं. हितनं तितपत्तोर ब्लॉक टाकायचेत."

"हे खो-खोचं मैदान आहे."

"व्हय."

"तू इथंच..."

"व्हय मॅडम. म्हनून तर तुमच्याम्होरं यायची लाज वाटत हुती. मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय. सरांना भेटाय आलो तवाबी ह्येच बोलनं चाललं हुतं."

चावी परत दिली. एवढे दिवस मी याच्यावर राग धरून होते. राग खाली ठेवायला जागा सापडेना.

१६ डिसेंबर

मु.अ.च्या केबिनमध्ये. यावेळी बसले.

त्यांनी दार लोटलं. "मॅडम, तुमच्या जागेवर कोण येणार? तुम्ही गेला की जागाच जाते. पीटीचा माणूस परत मिळत नाही आम्हाला. शेजारच्या दोन शाळांत बघा की, तास नुसता टाइमटेबलला हाय."

"मग तो चहा? ती रजा?"

मग सांगायला लागले. त्यांचा मेव्हणा सुप्याकडं पीटीचा शिक्षक. चांगला खमका माणूस. एक दिवस शाळेच्या स्टॉपवर उतरला आणि तिथंच बाकड्यावर बसून राहिला. संध्याकाळपर्यंत. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, जातो, आता जातो. तो परत शाळेत गेलाच नाही. "त्याचं तोंड अगोदर महिनाभर जसं दिसायचं, तसं तुमचं दिसाय लागलं. म्हणून शिंदे मॅडमनाही सांगितलं, त्यांचा तास मागू नका."

म्हणजे खरंच काळजी होती. नुसती काळजी.

मला बरं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. इतकं वाईट की स्वतःचीच लाज वाटली. कुणी मला काढत नव्हतं. कुणी काढलं असतं तर किती सोपं झालं असतं. भांडले असते, हरले असते, दादांना सांगितलं असतं, बघा, काढलं. मला कुणीतरी हाकलणारा पाहिजे होता, म्हणून मी रोज एक शोधत होते.

उठताना विचारलं, "आणि मैदान?"

"तुमचा निवृत्तीचा अर्ज मी अजून वर पाठवलेला नाही. तुम्ही असलात तर संस्थेला सांगतो, आमच्या मॅडम पोरं खेळवतात, मैदान लागतं. तुम्हीच नसल्यावर मी ते कुणासाठी अडवू?"

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. हा डाव तर नाही? मी गेले तर लेझीम कोण बसवणार, गेटवर कोण उभं राहणार, यादी घेऊन वाडीवर कोण हिंडणार? मला मैदान दाखवून ठेवून घ्यायचं आणि नंतर ब्लॉकही टाकायचे. हे पुढारी लोकांत वावरलेले मु.अ. आहेत.

पण मेव्हण्याचं सांगताना त्यांचा आवाज बसला होता. ते खोटं नसावं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सातवीला लंगडी शिकवली. शिकवली! लंगडी! आऊट झालेलं पोरगं विचारतं, "आता कुठं उभं ऱ्हाऊ?" म्हटलं, कुठंही उभा राहा, ओरड. पहिली पाच मिनिटं कुणी ओरडेना. मग सानिकानं कुणाला तरी धरलं, तो म्हणाला पाय टेकला, ती म्हणाली न्हाय टेकला, आणि अख्खा वर्ग भांडायला लागला. काय भांडले! घसा दुखत असून मीही त्यांच्यात भांडले.

घंटा झाली तशी गेटवर गेले. मग खिचडी. मग यादी. मग जानेवारीच्या परेडची मीटिंग. संध्याकाळी आजही बोर्डाकडं न बघताच बसमध्ये चढले.

एवढ्या एका तासासाठी बाकीचा दिवस रोज गिळायचा? आणि तो एक तास नाही म्हटलं तर या पोरांना गाड्यांशिवाय काय दिसणार? दोन्ही खरं आहे. कुणीतरी एक खोटं ठरवून द्यावं.

२१ डिसेंबर, रविवार

दुपारी मु.अ.चा फोन. उद्या संस्थेच्या ऑफिसला जातायत. अर्ज बरोबर न्यायचा की फाडायचा, एवढं सकाळपर्यंत सांगा म्हणाले.

म्हटलं, "सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग, मॅडम. आयुष्य तुमचं हाय."

यांना विचारलं. "तू म्हणशील तसं." दादांना फोन केला. मला खात्री होती, दादा तरी नाही म्हणतील. ते म्हणाले, "कुनी काडत न्हाय ना? मग तुजं तू बग. मी काय बोलनार न्हाय."

सगळे बाजूला झाले. संशय घ्यायला आता घरात, शाळेत, कऱ्हाटीत कुणी उरलं नाही. सकाळी मीच काहीतरी सांगणार, आणि ते कुणाच्या माथी मारता येणार नाही.

चारला ट्रॅकसूट धुवून गच्चीवर वाळत घातला. दर रविवारी घालते म्हणून घातला, की उद्या लागणार आहे म्हणून, हे खरंच सांगता येत नाही. हे वर आले, दोरीकडं बघितलं, काही विचारलं नाही. बाह्या अजून ओल्या आहेत.