मेंदू नव्हे, आईचा जबडा

दादा,

तुला नमस्कार घालावा की तुझ्या नावानं बोटं मोडावीत, हे अजून ठरत नाही. म्हणून नुसतंच विचारते, गुडघा कसा आहे? वहिनी बरी असेलच, तिला तुझं ऐकायची सवय आहे. फसलो ते आम्ही! दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसून तू कागदांवर शिक्के मारतोस, म्हणून आम्ही तुला अर्धा डॉक्टर समजलो. तू म्हणालास, पोरीला न्यूरोसायन्सला घाल, मेंदूच्या धंद्याला मरण नाही. (धंद्याला नसेल, आईबापाला आहे.)

मी चौथी शिकलेली. मला वाटलं, मेंदूची डॉक्टर होणार. अख्ख्या इमारतीला सांगून मोकळी झाले. पोरगी सुट्टीला आली तर दारात ही रांग! खालची शिंपीण अर्धशिशी घेऊन, समोरचे मास्तर विसराळूपणा घेऊन (चष्मा कपाळावर, शोधतायत माझ्या घरात). पोरगी म्हणते, "काकू, मी औषध देत नाही, मी नुसतं मोजते." शिंपीण म्हणाली, "मोजते बाई मीही, पण मग कपडा शिवून देते!" मी काय तोंड दाखवू?

म्हटलं, हे मोजणं बघून तरी येऊ. गेले विद्यापीठात. खोली न्हाणीघराएवढी, खिडकी नाही. पोरीनं माझ्या केसांत गार चिकट लगदा भरून तारांची टोपी चढवली. (सकाळीच केस धुतले होते.) म्हणे हलू नकोस, पापणी लववू नकोस, दात आवळू नकोस, पडद्यावर मेंदूची रेघ उमटते ती बिघडते. एवढ्यात तिचे सर आले आणि पुढं काय काय करता येतं ते मला सांगायला लागले. यंत्रं विकता येतात. आणखी पाच वर्षं शिकता येतं. नाहीतर साबणाच्या कंपनीत जाऊन गिऱ्हाइकांना अशाच टोप्या घालायच्या आणि कुठलं वेष्टन त्यांच्या मेंदूला आवडलं ते बघायचं. साबणाचं ऐकलं आणि माझे दात असे आवळले, की पडद्यावरच्या रेघा पिसाळल्या. सर घाबरून उभेच राहिले. पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, हा मेंदू नाही, हा आईचा जबडा आहे." आणि ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ तिला विचारतात, कशावरून? ती रेघेवर बोट ठेवून सांगतेय आणि ते वहीत लिहून घेतायत!

त्या साबणवाल्यांनी तिला नोकरी देऊ केलीय. तुझे मेहुणे खूश. दिवसभर कारखान्यात लेथवर उभे राहून येतात आणि जिन्यात भेटेल त्याला सांगतात, "साबण कसा, लोकांना कळतो तरी." तुझ्यामुळं घरात हे चाललंय. आता तूच निस्तर.

तुझी धाकटी

ता. क. निस्तर म्हणजे ह्यांना सांग, पोरीला पुढची पाच वर्षं शिकू दे. तिलाही तेच हवंय, पण बापापुढं तोंड उघडत नाही. मी बोलले तर भांडण होतं, तुझं ऐकतात.

दुसरा ता. क. मी लिहिलंय हे बोलू नकोस. तू विषय काढलास की मी ह्यांच्या बाजूनं तुझ्यावर तोंड टाकीन. मनावर घेऊ नकोस आणि मागंही हटू नकोस.

तिसरा. कंपनीला सोमवारी कळवायचंय. ह्यांच्याशी कधी बोलतोस ते मला शुक्रवारच्या आत कळव. गुडघ्याचं कारण चालणार नाही.